एका ‘ग’चा प्रश्न

दुपारी तीन वाजता वरच्या मजल्यावर एका माणसाची नाडी उतरत होती. मी मोजत होते. ही अकरावी वेळ.

“नाडी उतरतेय, डॉक्टर,” एक बाई म्हणायची. मग मास्कआडून एक पुरुष काहीतरी “…द्या” असं पुटपुटायचा आणि तिथेच सगळं थांबायचं. दोन सेकंद शांतता. मग पुन्हा नाडी उतरायची.

माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता, स्टुलावरच्या उशीवर. प्रयोगशाळेच्या जिन्यात नमुन्यांची पेटी सावरताना मी पडले आणि घोट्याचं हाड मोडलं. नमुने शाबूत राहिले. सहा आठवडे घरी बसायचं होतं. शेजारच्या खुर्चीत आत्या शब्दकोडं सोडवत होती, अगदी निवांत, कारण तिला यातलं काही ऐकूच येत नव्हतं. गेल्या चार वर्षांत तिच्या कानांतून आधी बारीक आवाज गेले — स, श, फ, किल्ल्यांची किणकिण — आणि मग बरंच काही. कानात घालायचं यंत्र होतं, पण ते कपाटात असायचं. “त्याने भांडी जास्त ऐकू येतात, माणसं नाही,” असं तिचं म्हणणं.

वर चाललेली मालिका मी ओळखली होती. ‘खाट क्रमांक नऊ’, पहिला सीझन, तिसरा भाग. दहा वर्षांपूर्वी हॉस्टेलच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून आम्ही ती पाहिली होती, आणि मी नंतर एकटीने आणखी दोनदा. त्यामुळे तो डॉक्टर काय म्हणतो ते मला माहीत होतं. बाराव्यांदा नाडी उतरली तेव्हा मी चिठ्ठी लिहिली : ‘तो शब्द ॲट्रोपीन आहे. कृपया पुढे जा.’ आणि ती आत्याच्या हातात दिली.

“मी काय पोस्टमन आहे का तुझी?” असं म्हणत आत्या लगेच उठली. वर नवीन कोण राहायला आलंय हे बघायला तिला निमित्त हवंच होतं.

दहा मिनिटांनी ती परत आली ती त्याला घेऊनच.

तो दारातच थांबला. हातात माझी चिठ्ठी, गळ्यात हेडफोन — स्टेथोस्कोप अडकवावा तसे — आणि कानामागे पेन्सिल.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“मी लिहिलं होतं, ‘अन् ट्रे पण द्या’.”

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. “पेशंटची नाडी उतरतेय आणि डॉक्टर ट्रे मागतोय?”

“मला वाटलं, भांबावला असेल बिचारा.”

“काय करतो म्हणाला हा?” आत्याने मला विचारलं.

“सबटायटल लिहितो, काकू,” तो म्हणाला.

“टायर? तिसऱ्या मजल्यावर?”

बहुतेक लोक इथे ओरडायला लागतात. तो ओरडला नाही. खिडकीच्या उजेडात आला, आत्याला चेहरा नीट दिसेल असा उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, “पडद्यावर खाली बोलणं लिहून येतं ना, ते मी लिहितो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.”

आत्याला पहिल्या फटक्यात कळलं. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

ती जुनी मालिका पुन्हा दाखवायची ठरली होती. पहिल्या सीझनचे सोळा भाग त्याच्याकडे आले होते, पण मूळ संवादांच्या वह्या कुठे गेल्या ते कोणालाच माहीत नव्हतं. सगळं ऐकूनच लिहायचं होतं. “भांडणं आणि रडणं मला जमतं,” तो म्हणाला. “औषधांची नावं आली की माझे हातपाय गळतात.”

“मग इथेच आण ते,” आत्या म्हणाली. “हिला सगळं तोंडपाठ आहे आणि पायही मोडलाय, कुठे पळून जाणार नाही. मलाही कळेल लोक काय बोलतात ते. हल्ली मी नुसती तोंडं बघते.”

तो उद्या येतो म्हणून निघाला. जिन्यापर्यंतही पोहोचला नसेल, तोच आत्या माझ्याकडे वाकून, तिच्या मते कुजबुजत, म्हणाली, “मुलगा बरा वाटतोय. लोक वर शोधत फिरतात, तुझ्याकडे तर वर स्वतःहून खाली उतरून आलाय.”

त्याची पाठ आमच्याकडे होती, पण कान लाल झालेले मला दिसले.

“आत्या, त्याला ऐकू गेलं.”

“कसं जाईल? मी किती हळू बोलले.”

*

तो रोज तीनला यायचा. लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडायचा आणि जमिनीवर, माझ्या प्लास्टरच्या शेजारी बसायचा. आत्याने त्याचं नाव ‘वरचा’ ठेवलं होतं. “वरच्याच्या मनात काय आहे कोणास ठाऊक,” ती म्हणायची, आणि ती देवाबद्दल बोलतेय की त्याच्याबद्दल ते मला दर वेळी चेहऱ्यावरून ठरवावं लागायचं.

एकोणिसाव्या वर्षी आवडलेली गोष्ट एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा पाहणं म्हणजे जुनी स्लाइड नव्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यासारखं आहे. तेव्हा न दिसलेलं बरंच दिसतं. ज्या डॉक्टरसाठी अख्खं हॉस्टेल वेडं झालं होतं, तो आता मला कमालीचा उद्धट वाटला. सगळी खरी कामं ‘नाडी उतरतेय’ म्हणणारी ती नर्स करत होती. पाचव्या भागात छातीचा एक्स-रे उलटा टांगला होता, त्यामुळे पेशंटचं हृदय उजवीकडे होतं आणि चार डॉक्टर त्यापुढे उभे राहून गंभीरपणे माना हलवत होते.

“सलाईन बघ कसं लावलंय,” आत्या म्हणायची. ती बत्तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होती. “हवा जाईल शिरेत. याला कोणी नोकरीवर ठेवलं?”

“तुम्हाला कोण आवडायचं?” त्याने एकदा मला विचारलं. “तेव्हा, हॉस्टेलमध्ये. हा डॉक्टर?”

“नाही. चौथ्या भागातली लॅबवाली.”

“कोण लॅबवाली?”

मी त्याला दाखवली. ती नऊ सेकंद दिसते. दार ढकलून येते, कागद देते आणि म्हणते, “दोनदा तपासलाय.” मग निघून जाते. डॉक्टर तिच्याकडे बघतही नाही, पण पुढचा सगळा भाग त्या कागदावर चालतो.

त्याने ते नऊ सेकंद तीनदा पाहिले. मग एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्या वेळेसाठी मला माझ्या हातांचं काय करायचं ते कळेना.

त्याचं काम फक्त बोलणं लिहिण्याचं नव्हतं. आवाजही लिहावे लागायचे : [दार लागतं.] [यंत्राची टिकटिक.] [दूरवर कोणीतरी खोकतं.] एका ठिकाणी त्याने [शांतता] लिहिलं, तेव्हा मी हरकत घेतली.

“शांतता हा आवाज नाही.”

“नाही. पण लिहिली नाही तर बघणाऱ्याला वाटतं, मीच काहीतरी गाळलं.” त्याने वर पाहिलं. “तुम्ही गप्प बसता तेव्हाही मला तसंच वाटतं.”

मी थोडं हसले असेन. त्याने लगेच पेन्सिल काढली आणि माझ्या प्लास्टरवर बारीक अक्षरात लिहिलं, [हलकं हसू].

“हलकं कशावरून? मोजलंत?”

“मोजमाप तुमच्याकडे. मी अंदाजाने लिहितो.”

दहाव्या भागात पाऊस होता. त्याच दुपारी बाहेरही अवेळी सर आली. खिडकीच्या पत्र्यावर ताड्ताड् आवाज, पडद्यावर रुग्णवाहिका भिजतेय… त्याने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि विचारलं, “हा त्यांचा पाऊस की आपला?”

मी ऐकलं. त्यांचा पाऊस एकसारखा पडत होता, तुकडा जोडून जोडून वाढवलेला. आमचा मध्येच अडखळत होता.

“हा आपला,” मी म्हणाले. तो शब्द तोंडातून गेल्यावर मला जाणवलं की मराठीत ‘आमचा’ म्हणूनही भागलं असतं.

त्यालाही जाणवलं असावं. त्यानंतर तो मला ‘तू’ म्हणायला लागला. मीही.

*

त्याच आठवड्यात मला मेल आला होता. क्षयाचे जंतू औषधांना दाद देईनासे होतात, त्यावर काम करणारी एक मोठी प्रयोगशाळा दूरच्या शहरात आहे. तिथे दोन वर्षांच्या जागेसाठी मी तीनदा अर्ज केला होता. तिसऱ्यांदा निवड झाली. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा होता.

आत्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, “जा. माझी काळजी करू नकोस. वॉर्डातली माझी मैत्रीण कधीची येते म्हणतेय राहायला. तीही बहिरी आहे, भांडणाचा प्रश्नच नाही.”

त्याला मात्र मी सांगितलं नाही. रोज ठरवायचे. रोज तीन वाजायचे, तो प्लास्टरशेजारी बसायचा, आणि मी स्वतःला सांगायचे की आजचा भाग संपू दे.

खरं कारण मला ठाऊक होतं. तो “जाऊ नकोस” म्हणेल अशी मला भीती होती. आणि म्हणणार नाही, अशीही.

*

सोळाव्या भागाचा शेवट या मालिकेचा सगळ्यात गाजलेला प्रसंग आहे. त्या नर्सची बदली झालेली असते. ती बॅग उचलून लांबलचक कॉरिडॉरमधून निघते. डॉक्टर मागे उभा असतो. मधून एक ट्रॉली खडखडत जाते, आणि नेमक्या त्याच वेळी तो काहीतरी बोलतो. दोन शब्द. शेवटचा ‘नकोस’, हे नक्की. पहिल्यावरून आमच्या हॉस्टेलमध्ये दोन तट पडले होते. अर्ध्या मुलींना ‘जाऊ नकोस’ ऐकू यायचं, अर्ध्यांना ‘जागू नकोस’. सगळा फरक एका ‘ग’चा. पहिलं असेल तर त्याने तिला थांबवलं आणि तरी ती गेली. दुसरं असेल तर दोन रात्रपाळ्या केलेल्या बाईला तो फक्त ‘झोप आता’ म्हणाला. दुसऱ्या सीझनमध्ये ती नाहीच, त्यामुळे निकाल कधी लागला नाही.

“मी ‘जाऊ’वाला,” तो म्हणाला.

“मी ‘जागू’वाली.”

त्याने तो आवाज चौपट संथ केला. पडद्यावर आलेख उमटला. ‘जा’ आणि ‘ऊ’च्या मध्ये एक छोटी खोबण होती.

“बघ,” तो नाइलाजाने म्हणाला, “इथे आवाज तुटतोय. हा तुझा ‘ग’ असणार.”

मी खूप वेळ बघितलं. “नाही. अशा खोबणी पुढेही आहेत, सारख्या अंतरावर. ते ट्रॉलीचं चाक आहे. तुझंच बरोबर असेल.”

“पण तिने दोन पाळ्या केल्यात. ‘जागू’ जास्त पटतं.”

“बॅग हातात असलेल्या माणसाला कोणी ‘जागू नकोस’ म्हणत नाही.”

मग आम्ही दोघंही थांबलो, कारण आम्ही एकमेकांची बाजू लढवत होतो. त्याचा हात माझ्या प्लास्टरवर होता. प्लास्टरमधून स्पर्श कळत नाही. तरी मला कळत होता.

“ओठांवरून कळेल,” तो म्हणाला. “काकू, तुम्ही बघता का?”

“‘ग’ ओठांवर दिसत नाही,” मी म्हणाले. “तो घशाशी होतो.”

आत्याने तरीही चष्मा सारखा केला आणि प्रसंग दोनदा पाहिला. मग सोफ्यावर मागे टेकली.

“तो काय म्हणाला ते ठेवा बाजूला,” ती म्हणाली. “ती पाठमोरी आहे. मधे ट्रॉली. तिला ओ की ठो ऐकू गेलेलं नाही. बत्तीस वर्षं मी वॉर्डात काढली. ट्रॉली जात असताना कोणी कामाचं बोलत नाही. ट्रॉली जाऊ देतात, मग बोलतात. हा बावळट त्या खडखडाटाच्या आडून बोलतोय, म्हणजे बोलल्याचं समाधान आणि ऐकलं जायची भीती नाही.” मग माझ्याकडे बोट केलं. “आणि ही जंतूबाई तेवढंही करत नाहीये. दोन वर्षांसाठी चाललीय, पत्र येऊन पंधरा दिवस झाले. सांगितलंस का याला?”

टीव्हीवर ती नर्स बॅग घेऊन अर्ध्या पावलावर थांबवलेली होती.

तो हळूच उठला. लॅपटॉपची वायर काढली, नीट गुंडाळली. “अभिनंदन,” तो म्हणाला. “तुम्हाला मिळायलाच हवं होतं.”

*तुम्हाला.* घोट्याचं हाड मोडलं तेव्हा दुखलं होतं त्यापेक्षा हे जास्त दुखलं.

*

तीन दिवस वरून काहीही ऐकू आलं नाही. मी छताकडे बघत बसायचे. आत्याला आपण जास्त बोललो असं वाटत होतं, पण ती कबूल करत नव्हती. फक्त दोनदा न मागता कॉफी करून दिली.

गुरुवारी प्लास्टर कापलं. आतला पाय बारीक आणि फिकट झालेला, दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता.

शुक्रवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला. त्याने मला थांबायला सांगितलं असतं तर मी थांबलेही असते, आणि थांबावं लागलं म्हणून त्याला कधी माफ केलं नसतं. या दोन्ही गोष्टी मला स्वच्छ दिसत होत्या. मी तीन ओळींत होकार लिहिला, दोनदा वाचला आणि पाठवला. मग काठी घेतली आणि जिना चढायला लागले. अठरा पायऱ्या.

मी बेल दाबायच्या आत त्याने दार उघडलं.

“काठीचा आवाज ऐकला,” तो म्हणाला. “चौदाव्या पायरीवर थांबलीस.”

*थांबलीस.* मला जरा धीर आला.

“दमले नव्हते. विचार करत होते.”

खोलीत एक टेबल, त्यावर संगणकाचे दोन पडदे, एक घडीची कॉट. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीवर घोंगडी टांगलेली. त्याने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

“मी होकार कळवला. आत्ताच.”

“बरं केलंस.” तो खरंच तसं म्हणत होता, डोळ्यांखाली मात्र काळं दिसत होतं.

“तीन दिवस खाली आला नाहीस.”

“आलो असतो तर काहीतरी बोललो असतो.”

“मग बोलायचं.”

“तुझ्या वाटेत उभं राहून बोलायचं वाक्य होतं ते. खूपदा लिहिलं, खूपदा खोडलं. चांगलं वाक्य आहे, पण ते बोललो असतो आणि तू ऐकलं असतंस तर…” त्याने मान हलवली. “नको.”

मी काठीवरचा हात बदलला. “मला तू आवडतोस,” मी म्हणाले. “हे आधी सांगितलं असतं तर निर्णय तुझ्या गळ्यात घातल्यासारखं झालं असतं. म्हणून आधी मेल पाठवला, मग जिना चढले. क्रम महत्त्वाचा होता.”

त्याने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“पुन्हा सांगतेस?”

“ऐकू आलं नाही?”

“आलं. पण एकदा ऐकून मी काही पक्कं करत नाही.”

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त कठीण गेलं, कारण आता तो हसत होता आणि बराच जवळ आला होता.

“माझं काम या टेबलावर मावतं,” तो म्हणाला. “तुझ्या त्या शहरातही टेबलं मिळत असतील. मी… येऊ?”

एवढे दिवस मी दोनच शक्यता धरून बसले होते. तिसरी असू शकते हे मला, इतकी वर्षं निरीक्षणं करून पोट भरणाऱ्या बाईला, सुचलंच नव्हतं.

“मला पहिले सहा महिने मान वर करायला फुरसत नसेल,” मी म्हणाले.

“मीही हेडफोन लावून बसतो. हाक मारलीस तरी ऐकू येणार नाही.”

“कधी येशील?”

“आधी तू जा, स्थिर हो. दोन महिन्यांत माझा दुसरा सीझन संपेल. औषधांची नावं फोनवर विचारेन. रोज. नसली तरी विचारेन.”

माझा हात काठीवरून सुटला, की मीच सोडला, ते नक्की सांगता येणार नाही. काठी खाली पडली. बऱ्यापैकी मोठा आवाज झाला असावा, कारण आत्यालासुद्धा तो ऐकू गेला. खालून जिन्यात तिची हाक आली.

“पडलीस की काय ग?”

मी त्याच्या हाताला धरून कठड्यापर्यंत आले. आत्या खालच्या दारात, मान वर करून उभी होती.

“नाही पडले,” मी म्हणाले.

“काय म्हणतोय तो?”

“येतो म्हणतोय.”

“काय?”

“येतो म्हणतोय, आत्या.”

“कुठे? जेवायला?”

मी आयुष्यात कधी आवाज चढवलेला नाही. प्रयोगशाळेत, यंत्रं घरघरत असतानासुद्धा, मी जाऊन शेजारी उभी राहते आणि मग बोलते. आता पहिल्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं होतं, तळमजल्यावरचे गृहस्थ पेपर घेऊन बाहेर आले होते, आणि जिन्यात येताना धरलेला त्याचा हात मी अजून सोडला नव्हता.

“माझ्याबरोबर,” मी ओरडले. “माझ्याबरोबर येतोय तो. मला तो आवडतो आणि तो येतोय.”

सगळा जिना घुमला. पेपरवाले गृहस्थ पेपर वाचायला लागले. आत्याने कमरेवर हात ठेवले आणि आमच्या दोघांकडे नीट, सावकाश पाहून घेतलं.

“मग हे असं पुटपुटत काय सांगतेस,” ती म्हणाली.